कोंडीबामामांनी उन्हात घातलेल्या फळ्या

माझा स्वभाव तापट, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर कोंडीबामामांबद्दल सांगताना मी स्वतःलाच वाचवतेय असं कुणाला वाटायचं.

कोंडीबामामा जतकडचे धनगर. बहात्तरच्या दुष्काळात त्यांची मेंढरं चाऱ्यावाचून गेली. उरलेली चार विकून ते साळूबाईला, म्हणजे बायकोला, घेऊन सातारा जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावी आले आणि तिथल्या चित्रांच्या हॉलचे राखणदार झाले. सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्यानं आयुष्यभर हौसेनं जमवलेली काचेवरची त्रेसष्ट चित्रं त्या हॉलात होती, त्याच्या जन्मगावी. व्यापारी गेला, मागं एक ट्रस्ट राहिला आणि मामा राहिले. मामांना अक्षरओळख नव्हती, पगाराच्या कागदावर अंगठा. पण झाडलोट अशी, की फरशीवर भाकरी ठेवून खावी.

त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर मी तिथं पोचले. बाबा कुपवाडला एका वर्कशॉपात लेथवर होते. छप्पन साली दीक्षा घेतलेलं आमचं घर, त्यात मॅट्रिकच्या पुढं गेलेली मी पहिली. या चित्रांवर पीएच.डी. करायला मला शिष्यवृत्ती मिळाली होती, तीन वर्षांची, महिना तीनशे. तेवढ्यात प्रबंध दिला तर पदवी, आणि पदवी हातात असली तर सांगलीच्या एका कॉलेजातली जागा माझी, असं ठरल्यासारखंच होतं. आणि नाही जमलं तर? तीन वर्षं हा प्रश्न घेऊनच मी जेवले.

ही चित्रं काचेच्या मागच्या अंगानं रंगवतात. रंग उघडा पडू नये म्हणून पाठीला लाकडी फळी ठोकलेली असते. आमच्या चित्रांवर कुणाचंच नाव नव्हतं. चिताऱ्याचं नाव, साल, जे काय असेल ते फळीवर, मोडीत. त्रेसष्टांपैकी एका फळीवर होतं, ‘लक्ष्मी चितारीण’. बाईमाणूस! वाचलं तेव्हा मी एकटीच खुळ्यासारखी हसत बसले. आणि ती फळी कुठल्या चित्राला, तर दरबाराच्या. गादीवर सरदार, हातात हुक्का, मागं चवऱ्या ढाळणाऱ्या दासी, सगळ्यावर सोन्याचा वर्ख. दीडशे वर्षांपूर्वी दरबारात शिरून हे बघणारी, रंगवणारी बाई कोण असेल, यावर मी अडीचशे पानं लिहिली. कोल्हापूरचे माझे मार्गदर्शक सर कौतुकाला महाग. तेही म्हणाले, “अंजना, हे खणखणीत आहे.”

भाद्रपदाच्या शेवटी मी दरवर्षी अहवाल घेऊन कोल्हापूरला जायची. शहात्तर साली गेले नाही. प्रबंध टायपिंगला दिला होता, महिन्याभरात द्यायचा होता, म्हणून शेवटची पडताळणी करायला थांबले. घट बसायला चार दिवस होते, सगळा गाव नदीवर गोधड्या आपटत होता. सकाळी हॉलवर आले आणि दारातच थांबले. अंगणात घोंगड्यावर फळ्या वाळत घातलेल्या, पापडासारख्या. त्रेसष्टच्या त्रेसष्ट.

“मामा, हे काय केलंत?”

“घट बसायचं न्हवं, बाई. घरातलं चिंधूक बी धुतल्याबिगर ठेवत न्हाईत. काचा वरनं पुसल्या, फळ्यांस्नी ऊन दावलं. न्हाईतर कीड लागती.”

“दरवर्षी करता?”

“व्हय. आल्यापासनं.”

सगळ्या फळ्या एका मापाच्या. मी यायच्या आधीपासून हा माणूस दर भाद्रपदात त्या काढतोय आणि वाचता येत नसताना परत लावतोय. मग माझ्या रजिस्टरात कुठल्या चित्राला कुणाचं नाव लागलं? लक्ष्मी कुठली, दरबार कुठला? तीन वर्षं मी घोंगड्यावरच्या पसाऱ्यावर प्रबंध लिहिला होता.

मग मी जे बोलले ते लिहायलाही लाज वाटते. उचलली जीभ लावली टाळ्याला. मेंढरं राखणाऱ्याला इथं कुणी ठेवलं, म्हटलं. आजच ट्रस्टला लिहिते, दसऱ्याच्या आत तुम्ही इथून बाहेर, म्हटलं. साळूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या, त्या तशाच दारात उभ्या राहिल्या. मामा खाली मान घालून ऐकत होते. मी दम घ्यायला थांबले तेव्हा हळूच म्हणाले, “फळी चुकत न्हाई, बाई. तुमी घ्या की बघून.”

विश्वास कोण ठेवतो! मी सहा फळ्या उचलल्या, मागं नेऊन पिसल्या, पुढ्यात टाकल्या. मामांनी एकेक घेतली, पालथी केली, कडेवरनं बोट फिरवलं. किड्यानं पाडलेली बारीक भोकं होती. किडा फळीतनं शिरून खालच्या चौकटीत उतरलेला असतो. फळीचं भोक चौकटीच्या भोकावर आलं की ती त्याच चित्राची. मामांना भोकं जुळवूनही बघावी लागत नव्हती. फळी हातात आली की ते सरळ त्या चित्राकडं चालू लागत. सहाच्या सहा बरोबर.

“आमच्याकडं दोनशे मेंढरं हुती,” मामा म्हणाले. “त्यांच्या पाठीवर काय नावं लिवली हुती व्हय?”

दुपारपर्यंत आम्ही दोघं फळ्या लावत होतो, मी रजिस्टर घेऊन पडताळत होते. एक बरोबर, दहा बरोबर, चाळीस बरोबर. माझा जीव हळूहळू भांड्यात पडत होता. एकसष्ट झाल्या. शेवटच्या दोन फळ्या हातात घेऊन मामा उभेच राहिले.

“लावा की.”

“तुमी लावल्याल्या तशा लावू, का मूळच्या जागी?”

“म्हणजे?”

“तुमी नव्या आला हुता तवा ते सर आलं हुतं बघाया. तुमी दोन चित्रं खाली घेतलीसा. मग यष्टी गाठायची म्हनून घाईघाईनं फळ्या ठोकल्या. ह्याची त्याला, त्याची ह्याला. वहीत लिवलं ते त्याच्या मागनं.” मामांचा आवाज अगदी खाली गेला. “दुसरीचं कोकरू लावलं की मेंढी लाथ मारती. भोकाला भोक कुठं मिळतंय.”

“मग तीन वर्षं बोलला का नाहीत?”

“तुमी शिकलेल्या. म्हनलं, कायतरी इचार करूनच बदललं असंल. म्हनून दरसाली मी बी तशाच लावत आलो.”

मी केसातला आकडा काढला. लक्ष्मीची फळी दरबारावर ठेवली, भोकातनं आकडा घातला. लाकडाला अडला. शेजारच्या चित्रावर ठेवली, सरळ आत गेला. दुसऱ्या भोकात घातला, तिथंही गेला. ते चित्र होतं जात्यावर दळणाऱ्या बाईचं. सोनं नाही, वर्ख नाही. एक बाई, एक जातं, खुंट्यावर हात. रजिस्टरात त्याच्यापुढं माझ्याच अक्षरात होतं, ‘हात कच्चा. दुय्यम.’ अडीचशे पानांत मी त्या चित्राला एक ओळ दिली नव्हती.

मला भीती वाटली, ती स्वतःची. हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. मी म्हणाले असते ‘मी लावल्या तशा लावा’, तर मामांनी मान डोलावून लावल्या असत्या, आणि महिन्याभरात प्रबंध देऊन पुढं मी डॉक्टर झाले असते. खोटं कशाला सांगू, तोंडापर्यंत ते आलं होतं. मामा दोन्ही फळ्या घेऊन वाट बघत होते.

“मूळच्या जागी लावा,” मी म्हटलं.

त्या संध्याकाळी ट्रस्टला नाही, सरांना पत्र लिहिलं. चूक माझी, असं लिहिलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली, कॉलेजातली जागा दुसऱ्याला गेली. कुपवाडच्या एका शाळेत शिकवत मी सगळं नव्यानं लिहिलं, त्या दळणाऱ्या बाईवर. पदवी मिळाली एकोणऐंशीला.

मामांची माफी मागायला मला तीन दिवस लागले, एवढा ताठा. घट बसायच्या आदल्या दिवशी गेले. मामा सुपात माती चाळत होते. मी कसंबसं म्हटलं, “मामा, मी त्या दिवशी नको ते बोलले.”

त्यांनी वर बघितलं नाही. “मेंढरू हरवलं की मानूस शिव्या घालतोयच, बाई,” ते म्हणाले. “गावलं न्हवं?”