आईने जागा धरली

शनिवारी माझ्या आईने लंडनमध्ये ट्रेनचा एक अख्खा डबा रिकामा करून दाखवला. भांडण नाही, आरडाओरडा नाही... नुसती जागा धरून!

आई-बाबा महिनाभरासाठी साताऱ्याहून माझ्याकडे एजवेअरला आलेत. गेल्या जुलैत इथे ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, बॉम्ब फुटले, तेव्हापासून नातेवाइकांचं एकच पालुपद होतं, यंदा नको. ओळखीतल्या एका जोडप्याने तर ठरलेली युरोप टूरही कॅन्सल केली. आईचं उत्तर ठरलेलं... "व्हिसा मिळालाय, मी जाणार."

घाबरट खरी मीच. जुलैनंतर मी सॅक वापरणं सोडलं, ट्रेनमध्ये फोन आला तर मराठीत बोलणं सोडलं. कोणी टक लावून पाहिलं की आपणच हसायचं, आपणच सॉरी म्हणायचं... आई-बाबांनाही आल्या दिवशीच सूचना देऊन झाल्या होत्या, हळू बोला, सामान कमी घ्या.

तर शनिवारी आम्ही लेस्टरला निघालो होतो. बाबांचे कॉलेजमधले मित्र तिथे डॉक्टर आहेत. ट्रेन आधीच लागली होती. आईला डब्यापाशी उभं केलं आणि टॉयलेटला गेलेल्या बाबांना आणायला मी मागे गेले.

आता समोर डबा उघडा, आत खिडकीच्या जागा रिकाम्या... आई गप्प उभी राहील? साताऱ्याच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात तिचा हातखंडा. तिने आत जाऊन एका सीटवर बाबांची काळी सॅक ठेवली, समोर रुमाल टाकला आणि आम्हाला शोधायला खाली उतरली.

आम्ही तिघं परत येतोय तर सगळा डबा प्लॅटफॉर्मवर! कोणीतरी बेवारस बॅग असल्याचं कळवलं होतं आणि दारात पोलीस उभा. मी बाबांना धरून मागेच थांबले. आई मात्र सरळ पुढे गेली. "माय बॅग. माय सीट."

पोलीस सभ्य होता. त्याने सॅक उघडायला लावली... चिवड्याचा डबा, बाबांच्या बीपीच्या गोळ्या, दोन स्वेटर. बॅग सोडून का गेलात, असं त्याने विचारलं. जागा धरणे याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला काही केल्या आठवेना, मी नुसती सॉरी सॉरी करत राहिले.

"पुन्हा असं करू नका," एवढं बोलून त्याने सोडलं. आईलाही ते पटलं. "चुकलं माझं," असं म्हणाली, आणि तेवढं मी लगेच त्याला सांगून टाकलं.

या गोंधळात धरलेल्या जागा अर्थातच गेल्या. आम्हा दोघींना कशीबशी शेजारी जागा मिळाली, बाबा दारापाशी उभे. गाडी सुटल्यावर समोर खिडकीशी पेपर वाचत बसलेला एक गृहस्थ आम्हाला ऐकू येईल अशा बेताने म्हणाला की या लोकांनी आपापल्या देशातच राहावं, सगळ्यांनाच बरं पडेल.

"काय म्हणाला गं तो?"

एरवी मी 'काही नाही' म्हटलं असतं. पाच वर्षं तेच म्हणत आलेय... ऑफिसात, दुकानात, स्वतःलासुद्धा. पण त्या दिवशी मला एकदम राग आला. त्याचा आला, पण त्याहून जास्त माझा. मी आईला शब्दन् शब्द सांगितला.

ती शांतपणे म्हणाली, "त्याला सांग, पोलिसाला मी चुकलं म्हटलंय, तुला म्हणणार नाही. रीतसर तिकीट काढून आलेय, सगळं बघून झालं की जाईन. आणि माझी लेक इथेच राहणार आहे."

मी सगळं इंग्रजीत सांगितलं. एकही शब्द मऊ न करता, डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात. शेवटच्या वाक्याला आवाज कापला... पण सांगितलं.

तो लालबुंद झाला. पेपर गुंडाळून उठला आणि पुढच्या डब्यात निघून गेला.

आईने त्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग दाराकडे मान वळवली. "अहो, इकडे या. खिडकी मिळाली!"

महिनाअखेर ती परत जाईल. थँक यू, आई... मी आहे इथेच.