बारा कूलर आणि एकही तक्रार नाही

टेबलावर बारा फॉर्म होते आणि बाराही फॉर्मवर एकच उत्तर: "तक्रार नाही." मला तेव्हाच खटकलं. मे महिन्यात नागपूरचा माणूस कूलरबद्दल तक्रार करत नाही? लग्नाच्या पंगतीत मठ्ठा आंबट निघाला तर आठवडाभर बोलणारी माणसं आम्ही.

हिंगण्याच्या एका कूलर कारखान्यात मी नव्या मॉडेलचं डिझाइन पाहते. ट्रायलसाठी आम्ही बारा घरांत नवे कूलर फुकट बसवले होते. फॉर्म बरे आले की मोल्डची ऑर्डर जाणार होती. मोल्ड म्हणजे प्लास्टिकची बॉडी ज्यातून निघते तो पोलादी साचा. तो एकदा तयार झाला की चूक सुधारणं महाकठीण. मागचं मॉडेल माझ्या सहीने बाजारात गेलं आणि आपटलं. हेही आपटलं तर माझी नोकरी राहणार नव्हती.

"मॅडम, सगळे खूश आहेत. शुक्रवारी सही करून टाका," प्लांट हेड म्हणाले.

"सर, पण एवढे खूश कसे?"

"तुम्हाला चांगलं झालेलंही पाहवत नाही."

खरं आहे, माझा स्वभावच संशयी. मी गेटचं रजिस्टर मागवलं. आमचे जुने सर्व्हिस मेकॅनिक नामदेवराव पंधरा दिवसांत सहा वेळा शहरातल्या नंदनवन वस्तीत गेले होते. तिथे ट्रायलचे चार कूलर. तक्रारच नाही, तर हा माणूस तिथे जातो कशाला? आमचं डिझाइन दुसऱ्या कंपनीला दाखवतो की काय? त्यांना काही न विचारता मी नंदनवन गाठलं.

शिवणकाम करणाऱ्या साधनाताई पहिल्या मजल्यावर राहत होत्या. त्यांचा कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर होता. खोलीकडच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, एक गोल भोक दिसलं. कडेला रबर, वर झाकण. काम सुबक होतं, पण आमच्या ड्रॉइंगमध्ये असलं काही नव्हतं.

"हे कोणी केलं?"

ताईंची मशीन थांबली. "कूलर वापस नेता का मॅडम?"

"आधी सांगा तर."

"पाणी टाकाचं दार मागून आहे ना. मागं त नुसती हवा! मी खिडकीतून अर्धी बाहेर लटकून पाइप लावत होती. एक दिवस तोलच गेला. मंग नामदेवभाऊले फोन केला, त्यायनं भोक पाडून देलं. बाकीच्या तिघींलेबी देलं."

"मग फॉर्मवर का नाही लिहिलं?"

त्यांनी फॉर्मसोबतचा कागद पुढे केला. 'दोष आढळल्यास कूलर परत नेण्यात येईल.' वाक्य माझंच होतं.

"एवढ्या उन्हात कोन लिहीन, तुमीच सांगा."

चालू कूलरसमोर मला घाम फुटला. आमच्या टेस्टिंग रूममध्ये कूलर चारही बाजूंनी मोकळा असतो. आणि माझ्या घरी एसी आहे.

कारखान्यात परतल्यावर नामदेवरावांना गाठलं. "मला का नाही सांगितलं?"

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "मागच्या मॉडेलले सांगतलं होतं ना मॅडम. पंपाची जाळी बारीक आहे, कचरा अटकते म्हणून. तुमी म्हणाल्या, नामदेवराव, तुम्ही फिटिंग पाहा, डिझाइन आम्ही पाहतो."

मागचं मॉडेल त्या जाळीपायीच आपटलं होतं. मी तसं म्हटल्याचं मला लख्ख आठवलं. फार लाज वाटली. सकाळी याच माणसाला मी चोर ठरवलं होतं.

शुक्रवारी मी सही केली नाही. पाण्याचं दार खोलीकडच्या बाजूला आणलं. तो कागद बदलून लिहिलं, 'तक्रार सांगा, कूलर तुमचाच राहील.' मेकॅनिकसाठी फॉर्मवर वेगळा रकाना काढला आणि फॉर्म पुन्हा वाटले. आठवड्यात बाराही फॉर्म परत आले, मागची बाजूसुद्धा भरून.

"एवढ्या तक्रारी?" प्लांट हेड हादरले.

त्यातल्या दुरुस्त्या केल्या आणि मग सही केली. तेव्हापासून गिऱ्हाईक खूश आहे असं कोणी सांगितलं, की आपण त्याला काय लिहून पाठवलं होतं ते मी आधी मागवून वाचते.