आईला मुंबई दाखवायची होती

बोरीवलीची माणसं 'जरा मुंबईला जाऊन येतो' असं म्हणतात, ते बाहेरच्या माणसाला समजावून सांगताना पंचाईत होते. पत्त्यात मुंबई असते, मतदार यादी मुंबईची असते, पाणी मुंबईच्याच नळाचं असतं. पण मुंबई म्हणजे दादरच्या पलीकडे असलेलं काहीतरी. आमच्या आईने चोवीस वर्षं बोरीवलीत संसार केला आणि मुंबई पाहिली नाही. लग्न होऊन रत्नागिरीकडून आली तेव्हा एसटीने तिला पहाटे परळला उतरवलं आणि उजाडायच्या आत ती बोरीवलीच्या घरात होती. पुढे कोणाकोणाच्या लग्नाच्या साड्या घ्यायला चार-पाच वेळा दादरपर्यंत गेली असेल. गेटवे आणि राणीची बाग तिने कॅलेंडरवर पाहिली होती. "जाऊ की एकदा, मुंबई काय पळून जाते?" असं वडील म्हणत. मुंबई पळून गेली नाही, हे मान्य केलं पाहिजे.

मी तेव्हा मालाडच्या एका शाळेत इतिहास शिकवत होते. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं आणि आमच्या घरात नुकताच टीव्ही आला होता. आई तो अगदी जवळ बसून, मान जराशी तिरकी करून बघायची. आम्ही हसायचो. मग ती दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागली, तेव्हा हसू थांबलं आणि मी तिला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी तपासलं, तिला बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत बोलावलं.

"घरात पुरुषमाणूस कोणी?"

"वडील. ऑफिसला गेलेत."

"मग तुम्हालाच सांगतो. काचबिंदू आहे. डावा डोळा गेल्यात जमा. उजव्याची नजर कडेकडेने संपत आलीय. थेंब घालत राहा. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती किती टिकते ते बघायचं. वर्ष, दीड वर्ष. जास्त टिकली तर देवाची कृपा."

"ऑपरेशन?"

"त्या अवस्थेच्या पुढे गेलंय. मोतीबिंदू असता तर काढून मोकळे झालो असतो."

बाहेर आई पदराने डोळ्यांतलं औषध टिपत बसली होती. "काय म्हणाले गं?" तिने विचारलं. मी म्हणाले, "मोतीबिंदू आहे. अजून पिकला नाही. पिकला की काढतील."

हे वाक्य मला कुठून सुचलं याचा फार शोध घ्यायला नको, डॉक्टरांनीच ते तयार करून दिलं होतं. शिवाय आमच्या इमारतीत मोतीबिंदूला मोठा मान होता. शेजारच्या काकूंच्या सासूबाईंचा नुकताच काढला होता आणि त्या काळा चष्मा लावून गॅलरीत अशा बसत की खालून जाणाऱ्याने नमस्कारच करावा. आईचा चेहरा खुलला. "म्हणजे त्यांच्यासारखंच ना? त्यांना तर आता पंचांगातलं बारीकसुद्धा दिसतं."

रात्रीच्या जेवणाआधी मी वडिलांना जिन्यात गाठून खरं ते सांगितलं. ते बराच वेळ कठड्यावरचा रंग नखाने खरवडत राहिले. मग म्हणाले, "तिला सांगितलं नाहीस ते बरं केलंस. हातपाय गाळून बसेल." आमच्याकडे आजार हा ज्याला झालाय त्याच्यापासून लपवायचा असतो, बाकी सगळ्यांना सांगितला तरी चालतो. थोड्या वेळाने ते म्हणाले, "तिला मुंबई दाखवू. दिसतंय तोवर."

वडील सरकारी कचेरीत होते आणि कागदाशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे. तिसऱ्या दिवशी त्यांनी कार्बन घालून टाइप केलेला कार्यक्रम आणला. वर मधोमध 'मुंबई दर्शन : एक दिवसाचा कार्यक्रम', खाली अनुक्रमांक, वेळ, स्थळ, शेरा. शेऱ्याचा रकाना मोकळा होता. प्रत्येक स्थळाला मिनिटं वाटून दिली होती. समुद्राला पस्तीस मिनिटं होती. एखादा मंत्री पाहणीला यायचा असता तरी यापेक्षा नीट आखता आलं नसतं, असं मी म्हणाले आणि वडिलांना ती स्तुती वाटली.

हसायचा अधिकार मलाही नव्हता. मी म्युझियम घातलं, जुन्या इमारतींचे घुमट आणि कमानी घातल्या, आणि कुठल्या कमानीपाशी उभं राहून आईला काय सांगायचं याची टिपणं वहीत काढली. ज्या बाईला वर्षभराने काही दिसणार नाही, तिच्यासाठी मी गॉथिक शैलीचा अभ्यास करत होते. शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, "हँगिंग गार्डन नाही? मग काय बघणार तुम्ही, कप्पाळ!" हँगिंग गार्डन वाढलं. राणीच्या बागेची मिनिटं कापली.

मग कोणाच्या तरी लक्षात आलं की जिला न्यायचं तिला विचारलेलंच नाही.

"मला काय," आई तांदूळ निवडत म्हणाली, "तुम्ही दाखवाल ते बघेन."

"तरी पण, तुला काही बघायचं असेल ना?"

तिने ताटातले तांदूळ एका बाजूला केले. "ह्यांचं ऑफिस बघेन. ती खिडकी. बाकी तुमचं काय ते राहिलं तरी चालेल."

वडील पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही.

त्या खिडकीबद्दल आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. वडिलांचं टेबल तिसऱ्या मजल्यावर, साहेबांच्या केबिनला लागून, डाव्या हाताला खिडकी आणि खिडकीतून समुद्राचा एक तुकडा. जहाज आलं की दिसायचं. संध्याकाळी घरी आल्यावर आई चहा देताना विचारायची, "आज होतं का जहाज?" आणि ते सांगायचे, होतं, किंवा नव्हतं. चोवीस वर्षं हा माणूस दिवसभर कुठे असतो याचं जे चित्र तिच्याकडे होतं, ते एवढंच होतं.

मला मात्र ते टेबल माहीत होतं. बी.ए.ला असताना एका फॉर्मवर त्यांची सही तातडीने हवी होती, म्हणून मी न कळवता त्यांच्या कचेरीत गेले होते. तिसऱ्या मजल्यावर त्यांचं नाव कोणाला माहीत नव्हतं. एका शिपायाने खूप विचार करून मला खाली पाठवलं, आणखी खाली, तळघरात. तिथे रेकॉर्ड रूम होती. छतापर्यंत फायलींचे गठ्ठे, भर दुपारी जळणारा दिवा, आणि वर, छताजवळ, फुटपाथच्या पातळीला गज लावलेला एक झरोका. त्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या चपला दिसत होत्या. वडिलांनी सही केली, मला बाहेर नेऊन चहा पाजला, आणि त्याबद्दल आम्ही दोघं कधी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी सुधारित कार्यक्रम आणला. त्यात दोन स्थळं वाढली होती आणि 'कचेरी' सर्वांत शेवटी, 'वेळ उरल्यास' या शेऱ्यासह होती. शेऱ्याचा रकाना कशासाठी असतो ते मला तेव्हा कळलं.

जानेवारीतला एक शनिवार ठरला. आदल्या गुरुवारी आई म्हणाली, "मी काय म्हणते, ऑपरेशन झाल्यावरच जाऊ या ना."

"का गं?"

"अगं, आत्ता अर्धवट दिसतंय. एवढा खर्च करून, सगळ्यांनी रजा काढून जायचं, आणि मी काय बघणार? धुरकट धुरकट! मोतीबिंदू काढला की कसं लख्ख दिसेल. तेव्हा एकदाच काय ते डोळे भरून बघेन."

मी वडिलांकडे पाहिलं. वडील माझ्याकडे बघत होते. आता तिला घाई कशी करायची? 'तेव्हा' असं काही येणार नाही, हे सांगितल्याशिवाय घाई करता येत नव्हती, आणि ते सांगायचं नाही हे तर ठरलेलं होतं. मी एवढंच म्हणाले, "आत्ता पण एकदा जाऊ, मग परत जाऊ."

"दोनदा कशाला? पैसे वर आलेत?" आई म्हणाली.

"तिचंही बरोबर आहे," वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात जी सुटका होती ती मला स्पष्ट ऐकू आली. मी तेव्हा त्यांच्यावर मनातून फार चिडले. पण त्यानंतरच्या वर्षात किती शनिवार आले आणि गेले. तिचा हात धरून स्टेशनवर जायला मला कोणाच्या कार्बन कॉपीची गरज नव्हती. मी गेले नाही. मोठा बेत ठरलेला असला की छोटं काही करावंसं वाटत नाही.

ते वर्ष आमच्याकडे हळूहळू अंधारत गेलं. आधी आईने तांदूळ निवडणं माझ्याकडे दिलं. मग चहा कपाच्या शेजारी ओतला, आणि "ह्या बश्याच मेल्या उथळ" म्हणाली. मग ती भिंतीला हात लावत चालायला लागली. शेजारच्या काकूंच्या सासूबाई काळा चष्मा काढून कधीच पंचांग वाचू लागल्या होत्या. आई त्यांना विचारायची, "तुमचा पिकायला किती दिवस लागले हो?"

पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये एका दुपारी मी उत्तरपत्रिका तपासत बसले होते. आई समोर येऊन बसली.

"खरं सांग. हे पिकतंय की संपतंय?"

मी हातातली उत्तरपत्रिका उलटी ठेवली.

"तू बोलत नाहीस म्हणजे संपतंय," ती म्हणाली.

मग मी सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, मी काय म्हणाले, बाबा काय म्हणाले, सगळं. मला वाटलं होतं ती रडेल. ती नुसती साडीचा काठ बोटांनी चाचपत राहिली.

"मग तेव्हाच सांगायचं ना गं," ती म्हणाली. "मी थांबले नसते."

एवढंच. पुन्हा त्या विषयावर तिने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

संध्याकाळी वडील आले तेव्हा तिने चहा दिला नाही आणि जहाजाचंही विचारलं नाही. म्हणाली, "अहो, आपण मुंबईला जाऊ या. ह्या आठवड्यातच. मला फक्त तुमचं ऑफिस बघायचंय. बाकीचं ती बाग-बीग राहू दे."

वडील म्हणाले, "रविवारी जाऊ." रविवारी कचेरी बंद असते, हे तिघांनाही माहीत होतं.

रविवारी आईने लग्नाची म्हणून ठेवलेली जांभळी साडी नेसली. चर्चगेटला उतरल्यावर वडिलांनी तिचा दंड धरला. मी मागे चालत होते. माझ्या वहीतल्या कमानी दोन्ही बाजूंना उभ्या होत्या आणि मला एकही वाक्य आठवत नव्हतं. "इथे रस्ते रुंद आहेत का हो?" आईने विचारलं. "आवाज लांबून येतो." वडील म्हणाले, "रुंद आहेत."

कचेरीच्या समोरच्या फुटपाथवर आम्ही थांबलो. दारं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. जुनी दगडी इमारत, तिसऱ्या मजल्यावर ओळीने उंच खिडक्या. खरोखर भव्य होत्या. त्यांतल्या कुठल्याही खिडकीकडे बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं.

"हेच," वडील म्हणाले.

आईने मान वर केली. तिचा चेहरा इमारतीकडे नव्हता, शेजारच्या कोपऱ्यावरच्या मोकळ्या आभाळाकडे होता. "कुठली? तिसरा मजला ना? सांगा, डावीकडून कितवी?"

मी वाट बघत होते ते एक आकडा सांगतील म्हणून. चौथी, पाचवी, काहीही. मग त्यांनी तिची हनुवटी धरली, लहान मुलीची धरावी तशी, आणि तिचा चेहरा हळूच इमारतीकडे वळवला. आणि मग खाली वळवला.

"वर नाही," ते म्हणाले. "ती बघ. खाली, फुटपाथला लागून. गज आहेत ती."

आई तशीच उभी राहिली. तिला गज दिसत नव्हते, इमारतही दिसत नसावी.

"खाली का?" तिने विचारलं.

"तळघर आहे. तिथे रेकॉर्ड असतं. मी तिथे बसतो. पहिल्यापासून."

"वर बदली नाही झाली?"

"नाही."

समोरून एक टॅक्सी गेली. आईने ती जाऊ दिली.

"आणि समुद्र?"

"समुद्र नाही दिसत तिथून."

"मग काय दिसतं?"

वडिलांनी त्या झरोक्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "माणसांचे पाय दिसतात."

आईने मान हलवली, एखादी साधी माहिती कळल्यासारखी. "मला पलीकडे न्या," ती म्हणाली. आम्ही रस्ता ओलांडला. ती जांभळी साडी सावरून फुटपाथवर वाकली आणि तिने तो झरोका हाताने शोधला. एकेक गज चाचपला. आतून जुन्या कागदांचा गार वास येत होता.

"उजेड येतो का हो आत?"

"सकाळी येतो थोडा. दहाच्या सुमाराला."

"मग ठीक आहे," आई म्हणाली, आणि हात तसाच गजांवर ठेवून बसून राहिली.

इमारतीच्या दारातून पहारेकरी बाहेर आला. "क्या चाहिए? ऑफिस बंद है आज."

वडिलांनी टोपी काढली, का ते कोणास ठाऊक. "कुछ नहीं," ते म्हणाले. "मैं इधरही काम करता हूँ. इस खिडकी के अंदर. ये मेरी घरवाली है. देखने को आयी है."