टेलचा वाफा

जगातली निम्मी भांडणं पाण्यावरून होतात आणि त्यातली बहुतेक आपण मिटवली, असं आमच्या हिच्या मामांचं प्रामाणिक मत आहे. मामा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. निवृत्त होऊन मुलुंडच्या सोसायटीत आमच्याच घरी राहायला आले, तरी कालवा सुटला नाही. आंघोळीला ते, कालव्याला पाळीचं पाणी सुटावं तसं, ‘आवर्तन’ म्हणतात. एकदा दाढी करताना मी नळ चालू ठेवला, तर बाहेरून मामांची कालव्यावरची शिट्टी वाजली.

इमारतीमागे रहिवाशांचे आठ वाफे आहेत. जुन्या विहिरीचा पंप सकाळी तासभर चालतो आणि त्या तासात रोज महाभारत. तळमजल्यावरच्या सावंतकाकू आपल्या अळवात पाइप सोडून बसायच्या. पलीकडे गायकवाडसरांच्या मिरच्या माना टाकायच्या. “बघतंय कोण पाइप काढता तां!” असं काकूंनी बजावल्यापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

मामांनी जुन्या लग्नपत्रिका कापून चकत्या केल्या. एक चकती म्हणजे दहा मिनिटं पाणी. दर आठवड्याला प्रत्येक वाफ्याला पाच. नको असेल त्याने दुसऱ्याला विकावी, बदल्यात काय घ्यायचं ते आपापसात ठरवावं. “विकायचं म्हटलं की समोरच्याशी बोलावं लागतं, जावईबापू,” मामा म्हणाले. “आम्ही नोकरीभर नुसती कालव्याची दारं लावत फिरलो.” पंधरवड्यात काकू वाटीभर मिरच्यांवर चकती सोडू लागल्या आणि सर अळूवडी खाऊन “झकास!” म्हणू लागले.

मामांचा वाफा भिंतीलगतचा, अगदी शेवटचा. कालव्याच्या भाषेत टेलचा. त्यात लिंबाचं एकुलतं एक रोप. स्वतःच्या चकत्या ते कपभर चहावर देऊन टाकायचे आणि रोपाला घरून तांब्याने पाणी आणायचे. टेलच्या शेतापर्यंत पाणी न्यायचं आपल्याला कधी जमलं नाही, हे ते मला एकदाच बोलले.

या मे महिन्यात मामा छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. लिंबू वाळणार, हाच त्यांना घोर. चकती एकही शिल्लक नव्हती. तिसऱ्या दिवशी मी तांब्या घेऊन खाली गेलो, तर वाफ्यापाशी काकू आणि सर एकाच पाइपला धरून उभे.

“आज माझी चकती लागतली!”

“काकू, कालही तुमचीच लागली ना! आज माझी.”

मी वर आलो. मामांनी डोळे न उघडताच विचारलं, “टेलला पोचलं?”

“पोचलं. पण भांडण चाललंय.”

“कशावरून?”

“तुमच्या लिंबाला पाणी कोणी द्यायचं यावरून.”

मामांनी डोळे उघडले. मग उशीखालची शिट्टी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. “ठेवा तुमच्याकडे,” म्हणाले, “हे भांडण मिटवू नका.”