उस्मानभाईंचा खड्डा

निघताना बायकोनं डब्यात दशम्या दिल्या, गुडघ्याचं मलम दिलं आणि दारात उभं राहून एकच गोष्ट बजावली.

"शेंदूरटाकळीत कुणाला सांगत बसू नका की माझ्या आईचं माहेर तिथलं."

"का बरं?"

"आई म्हणायची, सांगू नका म्हणून. मला तरी कुठे ठाऊक!"

सासूबाई आता नाहीत, त्यामुळे उलटतपासणीची सोय नव्हती. मी मान डोलावली. लग्न जुनं झालं की मान आपोआप डोलते.

चिंचवडच्या आमच्या सायकल मंडळात कुणीतरी एक चित्रफीत पाठवली होती. दगडी रस्त्यावरून काळ्या जुनाट सायकली खडखडत चालल्यात, मागे सनई वाजते आहे आणि शेवटी जिंकणाऱ्याच्या हातात चषकाऐवजी भलामोठा धोंडा. युरोपात अशी शर्यत होते आणि तिथंही दगडच देतात, हे आम्हाला पाठ होतं. पण बीड जिल्ह्यात? मंडळातल्या कुणाचाच विश्वास बसला नाही. मी पडलो हट्टी. चित्रफितीखाली 'उस्मान सायकल मार्ट'चा फोन नंबर होता, तो लावला आणि भाऊबीजेच्या दिवशी माझी महागडी सायकल घेऊन परळी वैजनाथला उतरलो.

स्टेशनाबाहेर आलो तर समोर विजेच्या कारखान्याच्या चिमण्या आणि पिंपळाच्या पानापानावर राखेची पूड. उस्मानभाई छोटा टेम्पो घेऊन आले होते. साठी उलटलेली, दाढीला मेंदी, हात ग्रीसनं काळे. रामराम झाला आणि ते माझ्या सायकलीभोवती एक चक्कर मारून आले.

"स्टँड न्हाई, मडगार्ड न्हाई, घंटी न्हाई, कॅरेज न्हाई," ते हळहळून म्हणाले. "साहेब, दुकानदारानं अर्धीच दिली का?"

किंमत सांगायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

वाटेत धर्मापुरीला चहासाठी थांबलो. तिथलं जुनं देऊळ बघितल्याशिवाय पुढं न्यायचंच नाही, असा उस्मानभाईंचा नेम. दगडातल्या मूर्ती काय सुरेख! मी फोटो काढत राहिलो आणि ते देवळाच्या पायरीवर बसून शर्यतीचा इतिहास सांगू लागले.

निजामाच्या राज्यात कुणा तालुकदारानं (म्हणजे तेव्हाच्या कलेक्टरानं) हैदराबादेहून सायकल आणली. चालवायला रस्ता नव्हता, म्हणून त्यानं शेंदूरटाकळीच्या बारवेपासून गावच्या वेशीपर्यंत फरसबंदी करून घेतली. सायकलीसाठी रस्ता! पहिल्या दिवशी साहेब ऐटीत निघाले, तर पुढं गावचे एक जावई रमतगमत पायी चाललेले. साहेबांनी घंटी वाजवली. लोक हात जोडून आडवे आले, "हुजूर, जावई हायेत. त्यास्नी मागं टाकता येत न्हाई." हुजूरांचा तोल गेला, ते पडले, उठले आणि सायकल तिथंच टाकून जे गेले ते पुन्हा आलेच नाहीत. मग त्या रस्त्यावर दर दिवाळीला गावानंच सायकली पळवायला घेतल्या.

"हे खरं आहे?" मी विचारलं.

"सायकल व्हती एवढं खरं. जावयाला कुणी मागं टाकत न्हाई, हे आजबी खरं."

गावात शिरलो तो रस्त्यानं माझ्या दाढा हलल्या. डोक्याएवढाले काळे दगड, घासून गुळगुळीत झालेले, आणि मधूनमधून खोल खड्डे. उस्मानभाई टेम्पो वळवत प्रत्येकाची ओळख करून देऊ लागले. "हे काळे. हे घाडगे. हे जगताप, लई खोल मानूस."

मला वाटलं, थडगीच आहेत. मी हातसुद्धा जोडले.

मग उलगडा झाला. जिंकणाऱ्यानं रस्त्यातला आवडेल तो दगड उपटून घरी न्यायचा. ती जागा कुणी बुजवायची नाही. त्या खड्ड्याला जिंकणाऱ्याचं नाव लागतं आणि मग गाव बोलतं तेही तसंच. "काल पोस्टमन घाडग्यात पडला." "जगतापात पाणी साचलंय." इतक्या वर्षांत रस्ता निम्माअर्धा जिंकला गेला होता.

"यात तुमचा कुठला?"

उस्मानभाईंनी टेम्पो थांबवला. "एकबी न्हाई," ते म्हणाले. "मिसरूड फुटल्यापासून पळवतोय सायकल. दिवाळसणाला आलेला कोन ना कोन जावई पुढं असतोच. त्याच्यामागं पेडल मारीत जायाचं, जमलं तर दुसरा नंबर. हे सगळे खड्डे जावयांचे हायेत, साहेब. गावच्या पोराचा एक न्हाई."

वेशीजवळ एक अजस्र पिवळं यंत्र उभं होतं. सिमेंटचा रस्ता मंजूर झाला होता आणि शर्यत उरकली की काम सुरू. म्हणजे यंदाची शर्यत शेवटची. म्हणून गावानं छातीवर दगड ठेवून निर्णय घेतला होता की यंदा एकाही जावयाला बोलवायचं नाही. लेकी फोनवरून कडाकडा बोटं मोडत होत्या, पण गाव हललं नाही.

"अहो, पण खड्डा मिळाला तरी सिमेंटखालीच जाणार ना?"

"जाऊ द्या की. लोक तर जन्मभर बिनखड्ड्याचे ऱ्हातात आन तसेच जातात." आणि त्यांनी टेम्पोचा गिअर टाकला.

मुक्काम नानांकडे होता. नाना म्हणजे गावातले सर्वांत वडील, शर्यतीचे पंच. जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसर (भाजलेल्या डाळी-धान्यांच्या पिठाची झणझणीत आमटी). पहिला भुरका मारला आणि माझं भान सुटलं.

"वा! अगदी आमच्या सासूबाईंच्या हातची!"

नानांच्या कारभारणीचा डाव हवेत थांबला. "पुन्यात येसर? कुठल्या हो तुमच्या सासूबाई?"

मी ठसक्याचं नाटक केलं. पाणी प्यालो. इकडचं तिकडचं बोललो. पण पोलिसांपुढं एखादा टिकेल, खेड्यातल्या काकूंपुढं नाही. माहेरचं नाव, भावाचं नाव, उजव्या गालावर तीळ होता का? होता, म्हणालो. संपलं!

"आवो, ही तर आमची सुमी! म्हंजे तुमी आमचे भाचजावई!"

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. नाना उठून माझ्या पाया पडू लागले, मी त्यांच्या. आणि दारात उभ्या असलेल्या उस्मानभाईंनी भिंतीला टेकून डोळे मिटले. तोंडातला घास कडू झाला हो. माझी जीभ काढून कुणी धर्मापुरीच्या देवळात ठेवली असती तरी मी हरकत घेतली नसती.

"मी उद्या शर्यतीत उतरत नाही," मी जाहीर केलं.

"जावई गावात असून शर्यतीत न्हाई? गावाचं नाक कापता का, जावईबापू?" नाना म्हणाले. विषय मिटला.

सकाळी सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा नाश्ता) खाऊन बारवेवर गेलो. माझ्या सायकलीला पंचांनी घंटी नसल्यामुळे बाद केलं होतं. उस्मानभाईंनी स्वतःची एक काळी, लोखंडी, म्हशीएवढी जड सायकल मला दिली. वर तिला तेल घालून दिलं. शाळेचे गुरुजी लाऊडस्पीकरवर होते, सनईवाला होता आणि माझ्या मागं गावची पंधरा-वीस पोरं आणि उस्मानभाई. शिट्टी झाली.

मी हळू निघालो. सगळे हळू निघाले. मी आणखी हळू केली, तर मागचे एक पाय जमिनीला टेकवत टेकवत येऊ लागले.

"पुढे जा ना!" मी ओरडलो.

"तसं कसं, दाजी!" सगळे एका सुरात.

काठावर एक बाई सीताफळं विकत होती. मी उतरलो, एक घेतलं, एकेक बी थुंकत शांतपणे खाल्लं. सगळी शर्यत उभी राहून बघत होती. गुरुजी सांगत होते, "जावईबापू आघाडीवर. जावईबापूंचं सीताफळ निम्मं झालंय. बाकीच्यांचा सुदिक दम कायम हाय."

पुढं माझं चाक फुस्स झालं. देव पावला, म्हटलं! आता मी अडकलो, हे सुटले. पण पंक्चर दिसल्यावर उस्मानभाईंच्या हातांना राहवेना. पिशवीतून सामान काढून त्यांनी टायर उचकटलंसुद्धा.

"अहो, राहू द्या ना तसंच!" मी कळवळून पुटपुटलो. "तुमच्याच भल्याचं आहे!"

"पंक्चर कसं ठिवायचं, दाजी?" ते दुखावल्यासारखे म्हणाले. चाक ठणठणीत झालं आणि माझ्या नशिबी पुन्हा आघाडी आली.

जगताप ओलांडल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. नाटक नव्हे, खरोखर संतापलो. सायकल आडवी टाकली आणि रस्त्याच्या कडेला फतकल मारली. "नाही येत मी! जा, काय करायचं ते करा!"

मग मागून कुणीतरी हर्षानं किंचाळलं, "जावई रुसले!"

काय सांगू! गावात चैतन्य पसरलं. हल्लीचे जावई रुसतच नाहीत म्हणे, मोबाइल बघत बसतात. नाना धोतर सावरत आले. काकू आल्या. "बोला जावईबापू, काय पायजे? अंगठी? कपडे? गाय?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"मला सोडून सगळ्यांनी पुढं जायचं. तरच रुसवा निघेल."

नाना चरकले. जावयाचा शब्द मोडता येत नाही आणि जावयाला मागंही टाकता येत नाही. तिथंच पंचायत बसली. कुणी म्हणालं, पाठ न दाखवता उलटं जावं. कुणी म्हणालं, दाजींना उचलून वेशीवर नेऊन ठेवावं. शेवटी नानांनी निकाल दिला, "रुसलेला मानूस शर्यतीत धरत न्हाईत. रस्ता मोकळा!"

बोलायचा अवकाश, धुरळा! शंभर वर्षं कोंडलेली शर्यत सुटावी तशी पोरं सुटली. पुढच्याला मागं टाकायचं असतं, हे त्यांना आयुष्यात प्रथमच करायला मिळत होतं. उस्मानभाई सर्वांत शेवटी निघाले, आधी माझी सायकल उचलून नीट स्टँडला लावून. मला रडू यायचं बाकी होतं.

मी रुसलेला, म्हणून जागचं हलायची सोय नाही. लाऊडस्पीकर ऐकत राहिलो. "बंडू पुढं! बंडू लई पुढं... बंडू घाडग्यात! रमेश पुढं... रमेश बी घाडग्यात, बंडूवर!" तरणी पोरं जोरात होती, पण या रस्त्यावर जोरात जाण्याची सवय कुणालाच नव्हती. जो तो कुठल्या ना कुठल्या जावयात पडत होता. आणि मग गुरुजींचा आवाज चिरकला. "हे कोन येतंय? उस्मानभाई! काळ्यांना उजवीकडून टाळलं... समोर वेस..." आणि लाइट गेली.

मी उभा राहिलो, बसलो, पुन्हा उभा राहिलो. वेशीकडून गलका येत होता, पण गावात गलका कशाचाही होतो. नुसता जीव टांगणीला. सीताफळवालीला विचारलं, तर ती म्हणाली, "तुमी रुसलाव ना? मंग गप बसा."

बऱ्याच वेळानं एक माणूस सायकल हातात धरून लंगडत येताना दिसला. गुडघा फुटलेला, डोक्यावर फेटा, हातात दुसरा फेटा.

"दाजी," उस्मानभाई म्हणाले, "रुसवा काढायला आलोय." आणि तो फेटा माझ्या डोक्यावर ठेवता ठेवता हुंदका देऊन रडले. मीही रडलो, लाज कसली!

दगड कुठला उपटायचा? उस्मानभाई सगळ्यांना वेशीलगत, स्वतःच्या दारासमोर घेऊन गेले. त्यांच्या बायको हसीनाभाभी कमरेवर हात ठेवून उंबऱ्यात उभ्या होत्या.

"हितं? माझ्या दारात?" त्या कडाडल्या. "घरात एक खिळा ठोकाया सांगितला तर म्हयना लावता, आन खड्डा करायची केवढी घाई!" पण पहार आणून दिली त्यांनीच. दगड निघाला, नारळ फुटला आणि गुरुजींनी लाऊडस्पीकरविनाच जाहीर केलं, हा उस्मानभाई. पलीकडे यंत्राचा मुकादम घड्याळ बघत उभा होता.

मी दुसऱ्या दिवशी परतलो. मंडळात सगळं सांगितलं, कुणाचाही विश्वास बसला नाही. एक मात्र झालंय. चिंचवडला सायकल खड्ड्यात आदळली की पूर्वी मी शिव्या घालायचो. आता मनात येतं, हा कुणाचा? आणि एवढ्या खड्ड्यांत एकाचंही नाव ठाऊक नाही, याचं वाईट वाटतं.

परवा उस्मानभाईंचा फोन आला. मी धीर करून विचारलं, "झाला का हो सिमेंटचा रस्ता?"

"झाला की. आरशावानी झालाय."

"मग... तुमचा?"

"आवो, हसीना खुर्ची टाकून बसली ना खड्ड्यावर. जेवन बी तिथंच. म्हनली, मी जन्मभर या मानसाला सोसलंय, तुमी एक खड्डा सोसा. मुकादमानं लई इनवन्या केल्या, मंग हात टेकले. चारीबाजूनं सिमेंट टाकलं. आता अख्ख्या रस्त्याला एकच..."

पलीकडे धाडकन काहीतरी आदळलं. भांडी घरंगळल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हसीनाभाभींची हाक.

"दाजी, ठिवतो फोन," उस्मानभाई घाईघाईनं म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "दूधवाला पडलाय माझ्यात."