सोमाटण्यातलं चिनी घराणं

चीनमधल्या घराण्यांची काळजी खुद्द चीनच्या खालोखाल कोणी केली असेल, तर ती माझ्या बायकोच्या मामांनी. सोमाटण्यात राहणाऱ्या या माणसाने लोणावळ्यापलीकडचं जग फारसं पाहिलेलं नाही. पण साहेबी वारं लागलेल्या एका चिनी कुटुंबाचं नाटक हाती आलं आणि ते बसवायचं, वर कुटुंबप्रमुखही आपणच व्हायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. जत्रा समितीने बजावलं होतं, की हे नाटक पडलं तर पुढच्या वर्षीपासून जत्रेत नाटकाऐवजी कायमचा ऑर्केस्ट्रा. त्या दिवसापासून मामा चिनी झाले. भाजीवालीलाही कमरेत वाकून नमस्कार करू लागले. ती बिचारी दरवेळी यांचं काय पडलं म्हणून खाली शोधायची. चिनी रीतिरिवाज समजून घ्यायला ते लोणावळ्याच्या एका चायनीजच्या गाडीवर गेले आणि सासऱ्यासमोर सून कशी उभी राहते, हे त्यांनी गाडीवाल्याला विचारलं. गाडीवाला जवळच्याच बेडसे गावचा. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "मामा, मला निस्तं मंचुरियन येतं." तरी मामांनी त्याला सल्लागार नेमलंच.

नाटकाचा सगळा जीव एका प्रसंगात होता. पाद्र्याच्या नादाने घरचा कर्ता भिंतीवरची वाडवडिलांची तसबीर उतरवतो आणि तिथून ते घर बदलत जातं. आता चिनी म्हाताऱ्याची तसबीर मावळात कुठून मिळायची? शेवटी मामांनी स्वतःच्या दिवंगत वडिलांचा, आबांचा फोटो घेतला आणि चिनी टोपी दिसावी म्हणून फेट्यावर काळा कागद चिकटवला. मामी तो तालमींसाठी घराबाहेर काढू देईनात, त्यामुळे तो थेट प्रयोगालाच रंगमंचावर लागला.

प्रयोगात मामांनी हात वर नेला, फोटोला लावला आणि तसेच उभे राहिले. आतून वाक्य सांगणारा सांगून सांगून थकला. पुढच्या रांगेतली एक मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की भाऊ, कशाला उतरवताय म्हाताऱ्याला?" मामांनी हात खाली घेतला आणि पाद्र्याकडे वळून म्हणाले, "साहेब, तुमचं समदं खरं. पर आबा हितंच ऱ्हातील." टाळ्या भरपूर पडल्या, पण घर बदललंच नाही म्हटल्यावर पुढचे अंक करायचे कशावर? पाद्री ओशाळून चहा पीत बसला आणि पडदा पाडावा लागला. समितीने ऑर्केस्ट्रा तिथल्या तिथे ठरवून टाकला.

मी चिडवायला म्हणून आत गेलो. मामा फेट्यावरचा कागद नखाने अलगद सोडवत होते. वर न बघताच ते म्हणाले, "आबांना नाटकाचा लय राग. माझं एकबी कवा बघितलं न्हाई. आज पयल्यांदा आले व्हते. त्यांना मधीच उठवू कसं?"