विषाची वाट

लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी केनवडच्या आमच्या शेतात कापलेल्या तुरीचं टोकदार धसकट माझ्या टाचेत घुसलं. मोठ्या जाऊबाईंनी ते उपसून काढलं, वर हळद दाबली आणि आम्ही दोघी पुन्हा कामाला लागलो. आठ-नऊ दिवसांत जखम बुजली. मग एका सकाळी भाकरीचा घास घ्यायला तोंडच उघडेना. दुपारपर्यंत दातांवर दात बसले, मान ताठली.

जऊळका स्टेशनापर्यंत बैलगाडी, पुढे रेल्वेने अकोल्याचा दवाखाना. गाडीच्या प्रत्येक हिसक्याला माझी पाठ कमानीसारखी वळे. शुद्ध मात्र पूर्ण होती. हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही.

उजेडाने झटके येऊ नयेत म्हणून मला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. आमच्या ह्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, धसकट तं पायाले रुतलं. जबडा काहून बंद झाला?"

"जखमेतल्या जंतूंचं विष रक्तातून सगळीकडे फिरतं," डॉक्टर म्हणाले. "मांसाला, हाडाला ते धरत नाही. मज्जातंतूचं टोक मात्र बरोबर ओळखतं, तिथे चिकटतं आणि तंतूच त्याला आत घेतो. मग आतल्या आत ते मेंदूकडे चढतं. जबड्याच्या तंतूची वाट सगळ्यांत आखूड, म्हणून आधी जबडा बंद होतो."

"मंग सुई?"

"सुईनं बाहेरचं विष मरेल. आत शिरलेलं नाही. ते उतरेपर्यंत हिला जपायचं."

दाराशी उभ्या असलेल्या जाऊबाई म्हणाल्या, "लेकरू सातव्या-आठव्या दिवशी दूध ओढणं सोडते, आंग ताठ करते. तेबी हेच काय?"

"नाळ कशानं कापली होती?"

"विळ्यानं. वर राख लावली."

"मग हेच."

जाऊबाईंची दोन मुलं अशीच गेली होती. घरात आम्ही सगळे नजर लागली म्हणत आलो होतो. मला त्यांचा चेहरा दिसत होता, पण बोलता येत नव्हतं. त्या रडल्या नाहीत. जमिनीवर बसल्या. थोड्या वेळाने उठून झाडूवालीला म्हणाल्या, बादली हळू ठेव. आवाजाने माझ्या अंगाला झटके येत.

तीन आठवड्यांनी चमचा जाईल एवढी फट पडली. जाऊबाईंनी मला पेज भरवली. दोन महिन्यांनी मी घरी आले, स्वतःच्या पायांनी.

पुढे माझ्या बाळंतपणाला सुईण आली, तेव्हा चुलीवरच्या पाण्यात जाऊबाईंनी नवं पातं उकळत ठेवलं होतं. सुईणीला राग आला.

"माह्या हातावर भरोसा नाही काय?"

"हातावर हाय," जाऊबाई म्हणाल्या. "विळ्यावर नाही."

मुलगी झाली. आठवडाभर जाऊबाई तिच्या तोंडाकडे पाहत बसायच्या, दूध ओढते की नाही ते. दहाव्या दिवशी त्या शेतात गेल्या.